ओव्हरीतली गाठ : पहिल्या सोनोग्राफीपासून बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंत

या महिन्यात माझी ऑपरेशननंतरची सहामाही सोनोग्राफी झाली. दोन्ही अंडाशयं नॉर्मल असल्याचा रिपोर्ट आला, त्यामुळे आता हे सगळं सविस्तर लिहायला हरकत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पहिला रिपोर्ट हातात पडला तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाईलवर शोधत बसायचे. माहिती ढीगभर मिळत होती, पण एखादी बाई यातून कशी गेली, कुठे थांबावं लागलं, किती खर्च आला, हे मराठीत कुठे मिळेना. तेवढ्यासाठीच हा खटाटोप. मी डॉक्टर नाही. वय ४१, तासगावात एका पतसंस्थेत नोकरी, मुलगी दहावीला आणि मुलगा सातवीत. खाली जे वैद्यकीय आहे ते माझ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं आहे.

सुरुवात २०२४ च्या गौरी-गणपतीत झाली. साडीच्या निऱ्या खोचताना ओटीपोट टणक लागायचं, उजवीकडे जास्त. दुखत असं नव्हतं, जड वाटायचं. काउंटरवर बसलं की तासा-तासाला लघवीला उठावं लागे. जेवायला बसले की चार घासांत पोट भरायचं. पाळी मात्र अगदी वेळेवर, अंगावरून जास्त जाणं नाही, काही नाही. आमच्याकडे पाळी व्यवस्थित असली की 'तिथलं' काही बिघडलेलं नाही असंच सगळे धरून चालतात. पण अंडाशयातल्या पुष्कळ गाठी पाळीला धक्कासुद्धा लावत नाहीत. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी लघवी तपासली, ती नॉर्मल निघाली. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर गोळ्या वाढवायला येऊ नका, सोनोग्राफी करायची." फरक पडला नाही.

१४ ऑक्टोबरला, दसरा झाल्यावर, सोनोग्राफी केली. १,२०० रुपये. पोटावरून करायची सोनोग्राफी भरलेल्या लघवीवर करतात, त्यामुळे लिटरभर पाणी पिऊन तास-दीड तास दाबून बसायची तयारी ठेवा. आधीच गाठीचा दाब असेल तर हा तास फार कठीण जातो. रिसेप्शनवर तसं सांगितलं तर नंबर थोडा पुढे घेतात. आधारकार्डाची झेरॉक्स बरोबर ठेवा. गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी आणि नोंदवही प्रत्येक केंद्रात असतेच, त्यामुळे नाव-पत्ता-वय विचारतात, दचकू नका.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : उजव्या अंडाशयात ६.४ बाय ५.८ सेंटिमीटरची 'कॉम्प्लेक्स सिस्टिक लीजन', सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय असेल तर करतात ती रक्ततपासणी) आणि एमआरआयशी पडताळून पाहावे. म्हणजे एका मोसंबीएवढी गाठ. 'कॉम्प्लेक्स' शब्द वाचला आणि माझ्या पायातलं बळ गेलं. नंतर कळलं ते आत्ताच सांगते. गाठीत नुसतं पाणी असेल तर तिला सिंपल म्हणतात. पाण्याशिवाय आत दुसरं काहीही असलं, जुनं रक्त, चरबी, पडदे, घट्ट भाग, की ती कॉम्प्लेक्स. या शब्दाचा अर्थ कॅन्सर असा होत नाही.

रिपोर्ट घेऊन आम्ही जवळच्याच एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पोट तपासलं, सीए-१२५ लिहून दिली आणि दहाएक मिनिटांत निर्णय सांगितला : "दोन मुलं झालीत. आता पिशवी ठेवून काय करायचंय? गाठ, दोन्ही ओव्हरी, पिशवी, सगळं एकदाच काढू. पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा." मी नुसती मान डोलावली. रक्त त्याच दिवशी दिलं, ११०० रुपये. दुसऱ्या दिवशी आकडा आला ४८. शेजारी छापलं होतं, ३५ पर्यंत नॉर्मल.

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. मिस्टर गप्प होते. सासूबाई मात्र ठामपणे म्हणाल्या, "आगं, इतकी घाई कशाला? आधी मिरजंला दाखवू. पिशवी काढलेल्या बायकांचं काय होतंय ते मी बघितलंय." त्यांचं माहेर बीडकडचं, नात्यातल्या काहीजणी ऊसतोडीला जाणाऱ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, हे आपण पेपरात वाचलेलं. सासूबाईंनी ते घरातच पाहिलं होतं. पस्तिशी-चाळिशीत दोन्ही अंडाशयं गेली की पाळी एका दिवसात थांबते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. गरज असेल तिथे हे ऑपरेशन करावंच लागतं, तिथे बाईने मागे हटू नये. पण गाठ कसली आहे हेच ठरलेलं नसताना पिशवी काढायची तारीख द्यायची, हे मला आजही पटत नाही.

मिरजेला दवाखान्यांची परंपरा वॉनलेस हॉस्पिटलपासूनची, म्हणजे १८९४ पासूनची. तासगावहून सांगलीमार्गे एसटी, बायकांना अर्धं तिकीट. ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो त्यांच्या बाहेरच्या बाकावर निम्मी कुजबुज कानडीत चाललेली होती. तपासणी फी ५००. मॅडमनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "सीए-१२५ साठी रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का?" होती, दुसरा दिवस होता. मग त्यांनी सांगितलं की पाळीत हा आकडा वाढतो. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर दुसरीकडे वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), ओटीपोटातला जंतुसंसर्ग, गरोदरपण, या सगळ्यांत वाढतो. पोटाच्या टीबीत तर तो कित्येक शेकड्यांत जाऊ शकतो आणि टीबी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये हा आकडा नॉर्मलही असू शकतो. जिची पाळी अजून कायमची गेलेली नाही अशा बाईचं निदान या एका आकड्यावर करत नाहीत. पाळी संपून आठवडा झाल्यावर पुन्हा केली तेव्हा २२ आली. कुणाला ही तपासणी लिहून दिली असेल तर एवढं लक्षात ठेवा : पाळीच्या दिवसांत रक्त देऊ नका, आणि दिलंच असेल तर डॉक्टरांना ते सांगा.

त्यांनी सहा-सात आठवडे थांबून पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितली. मला वाटलं, ही कसली टाळाटाळ? त्यामागचं कारण त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अंडाशयात दर महिन्याला बीज तयार होताना त्याच्याभोवती पाण्याची छोटी पिशवी होते, ती फुटून बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात ती फुटतच नाही आणि वाढत राहते, ही फॉलिक्युलर सिस्ट. कधी फुटल्यानंतर तिथेच रक्त साठतं, ही हेमोरेजिक सिस्ट, आणि त्या रक्तामुळेच रिपोर्टवर 'कॉम्प्लेक्स' उमटतं. अशा गाठी बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतात. माझ्या जाऊबाईंची चार सेंटिमीटरची गाठ अशीच गेली होती. पाळी कायमची न गेलेल्या बाईत पाच सेंटिमीटरच्या आतली नुसत्या पाण्याची गाठ बहुधा नाहीशीच होते. त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत आहे, पण झालेली गाठ गोळ्यांनी लवकर विरते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, हेही मॅडमनी सांगितलं. आणि मुलींच्या रिपोर्टवर 'पीसीओडी' लिहून येतं ते प्रकरण वेगळं. ती अर्धवट वाढून थांबलेली बारीक बारीक बीजं असतात. ती ऑपरेशन करून काढायची गाठ नव्हे.

थांबायचं म्हणजे स्वस्थ बसायचं नव्हे. एक गोष्ट त्यांनी मिस्टरांना मुद्दाम आत बोलावून सांगितली. पाच सेंटिमीटरच्या वरची गाठ असलेलं अंडाशय स्वतःच्या देठाभोवती पिळलं जाऊ शकतं. मग एका बाजूला अचानक असह्य कळ येते, बरोबर उलट्या, घाम. रक्तपुरवठा तुटल्यामुळे काही तासांत ऑपरेशन करावं लागतं, नाहीतर अंडाशय हातचं जातं. उजवीकडे झालं तर अपेंडिक्स वाटू शकतं, त्यामुळे ज्या दवाखान्यात जाल तिथे आत शिरतानाच 'ओव्हरीत गाठ आहे' असं सांगायचं. चक्कर येणं, पोट कडक होणं, ताप, यासाठीही लगेच निघायचं. मी तो सोनोग्राफी रिपोर्ट सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवून ठेवला, मुलीच्याही. दिवाळी, फराळ, मार्चअखेरीच्या आधीची वसुली, सगळं नेहमीसारखं चालू ठेवलं, पण रात्री कूस बदलताना हात पोटावर जायचाच.

५ डिसेंबरला पाळीच्या सहाव्या दिवशी मिरजेत पुन्हा सोनोग्राफी झाली, या वेळी योनीमार्गातून. १,५०० रुपये. याला लघवी रिकामी लागते, दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं एवढंच. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आधी प्रोब दाखवला, त्यावर नवं कव्हर चढवलं, आणि "दुखलं तर सांगा, थांबते" म्हणाल्या. अविवाहित मुलींची ही तपासणी सहसा अशी करत नाहीत, पोटावरूनच करतात, तेव्हा आयांनी त्या भीतीने मुलींना घरी बसवू नये. गाठ विरलेली नव्हती. ६.९ सेंटिमीटर. म्हणजे पाळीबरोबर येणारी-जाणारी नव्हे. रेडिओलॉजिस्टना डरमॉइडची, म्हणजे चरबी-केस असलेल्या एका प्रकारच्या गाठीची, शंका आली, पण गाठीचा एक भाग नीट दिसेना, म्हणून त्यांनी एमआरआय सुचवला.

त्या मधल्या काळात बाकावर ज्या बायका भेटल्या त्यांच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठे वाचून शिकले नसते. अथणीच्या एक बाई होत्या, तिशीच्या आतल्या. पाळीत अंथरुणातून उठता यायचं नाही, नवऱ्याजवळ जाताना दुखायचं, लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नाही. त्यांना चॉकलेट सिस्ट निघाली होती. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर अंडाशयात वाढतं, तिथेही दर महिन्याला रक्तस्राव होतो, आणि ते जुनं रक्त साठून चॉकलेटी होतं. 'पाळीत सगळ्यांनाच दुखतं' असं सासर-माहेर दोन्हीकडून ऐकत त्यांची वर्षं गेली होती. त्यांना ऑपरेशन करायचं की आधी मुलासाठीचे उपचार, यावर डॉक्टर विचार करत होते, कारण या गाठीच्या ऑपरेशनात चांगली बीजंही थोडी कमी होतात. आधी एएमएच नावाची रक्ततपासणी करून शिल्लक बीजांचा अंदाज घेतात.

आणि एक आजी होत्या कवठेमहांकाळकडच्या, साठीच्या पुढच्या. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. पोट फुगतंय, भूक लागत नाही, म्हणून कितीतरी महिने गॅसचीच औषधं चालली होती. तपासणीत दोन्ही अंडाशयांत गाठी आणि पोटात पाणी निघालं. त्यांना तिथे हात न लावता मुंबईला टाटा हॉस्पिटलला पाठवलं. मॅडम म्हणाल्या, पाळी गेल्यानंतरची गाठ असेल तर सगळं गणितच बदलतं. तिथे सीए-१२५ ला वजन येतं, आणि संशय असेल तर पहिलंच ऑपरेशन कॅन्सरच्या सर्जनकडे व्हायला हवं. गाठ फोडून किंवा सुईने पाणी काढून बघायचं नाही. पोट रोज फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी लागणं, यांतलं काही नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे जवळपास रोज राहिलं, तर आपल्या आईला, सासूला, मावशीला सोनोग्राफीला घेऊन जा. घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. त्या आजींचे उपचार आता चालू आहेत असं त्यांच्या सुनेकडून कळलं.

एमआरआय ६ जानेवारीला. कॉन्ट्रास्टसह ८,५०० रुपये. त्याआधी क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाची) रक्ततपासणी लागते, ती आदल्या दिवशीच करून ठेवली तर खेप वाचते. साडीतल्या सेफ्टी पिना, केसांतल्या पिना, मंगळसूत्र, सगळं काढून गाऊन घालायचा. आत मोठा ठकठक आवाज, पाऊण तास हलायचं नाही. मी रामरक्षा म्हणत राहिले. एमआरआयमध्ये चरबी पांढरी उजळ दिसते आणि चरबी दाबणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत तीच काळी पडते. माझ्या गाठीतला तो न उमगलेला भाग असाच काळा पडला. चरबी, म्हणजे डरमॉइड. मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी लावून बोटाने दाखवली तेव्हा पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

डरमॉइडबद्दल थोडं थांबून लिहायचंय, कारण या गाठीमुळे मुलींची बदनामी झालेली मी ऐकलेली आहे. या गाठीत केस, चरबी, कधी कधी दातसुद्धा सापडतात. मग गल्लीत बोललं जातं, 'अर्धवट मूल होतं.' मूल वगैरे काहीही नसतं. अंडाशयातल्या बीजपेशींमध्ये शरीरातली कुठलीही ऊती बनवायची क्षमता असते. त्यातली एखादी पेशी पुरुषाच्या संबंधाशिवाय, आपसूक वाढायला लागते आणि त्वचा, केस, दात असं काहीबाही तयार करते. ही गाठ शाळकरी मुलींनाही होते. वयात येणाऱ्या मुलीच्या पोटात अशी गाठ निघाली तर तिच्याकडे वाकड्या नजरेने बघण्यासारखं काडीचंही कारण नाही. ती बहुतेक साधीच असते. तिच्यात कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन एवढंच, आणि तेही बहुतेक मोठ्या वयात. पण ती औषधाने विरत नाही, हळूहळू वाढते आणि पिळली जाण्याची भीती असते. माझी सात सेंटिमीटरला टेकली होती, म्हणून काढायचं ठरलं. दुर्बिणीतून, फक्त गाठ, अंडाशय शक्यतो ठेवून.

तारीख पाळी संपल्यानंतरची, २९ जानेवारी मिळाली. संक्रांतीचं हळदीकुंकू मध्येच आलं. मी केलं, बायकांना वाण लुटलं, पण गाठीचं कुणाला बोलले नाही. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्या, ईसीजी, छातीचा एक्सरे मिळून ३,८०० झाले. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी सगळं बघून फिटनेस दिला. रोजच्या गोळ्या, ॲलर्जी, हलणारा दात, आयुर्वेदिक काढे, सगळं त्यांना सांगा.

आता विम्याचं, कारण त्यात आमची सगळ्यात जास्त दमछाक झाली. आमची फॅमिली पॉलिसी २०२१ ची. बहुतेक पॉलिसींमध्ये गाठी, फायब्रॉइड, गर्भाशयाची ऑपरेशनं, मोतीबिंदू, हर्निया यांना पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. आमची ती मुदत उलटून गेली होती. नवीन पॉलिसी काढलेल्यांनी हे कलम आधी वाचावं. खोलीभाड्याची मर्यादाही बघा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर नुसता खोलीचा फरक नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्या प्रमाणात कापतात. आम्ही म्हणून शेअरिंगची खोली घेतली. दवाखान्याच्या टीपीए डेस्कवर (विम्याची कागदपत्रं बघणाऱ्या टेबलावर) पूर्वमंजुरीचा फॉर्म भरून दिला आणि कंपनीकडून प्रश्न आला : त्रास कधीपासून आहे, पहिल्या तपासणीचा कागद द्या. फॅमिली डॉक्टरांची सप्टेंबरातली चिठ्ठी मी जपून ठेवली होती, ती लावली. मॅडमनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. मग सुरुवातीची मंजुरी आली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक चिठ्ठी तारखेच्या क्रमाने एकाच फाईलमध्ये लावा. मूळ प्रती एकीकडे, झेरॉक्स दुसरीकडे, आणि मोबाईलवर फोटो.

विमा नसलेल्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी जरूर करावी. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन तिथे जायचं. आपलं ऑपरेशन यादीत बसतं का, ते ॲडमिट व्हायच्या आधी तिथेच कळतं.

२८ तारखेला संध्याकाळी ॲडमिट झाले. संमतिपत्र मराठीत होतं. नर्सने पेन पुढे केलं, पण मी आधी पूर्ण वाचलं. 'गरज पडल्यास अंडाशय काढणे, गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करणे' असं त्यात होतं. ते समजून घेऊन मान्य केलं. गर्भाशय काढू नये असं वेगळं लिहावं, ही विनंती मॅडमना केली. त्यांनी लगेच स्वतःच्या हाताने ती ओळ लिहिली आणि खाली सही केली. हे विचारायला अजिबात संकोच करू नका. रात्री हलकं जेवण, मग काही नाही. सकाळी नेलपॉलिश पुसायला लावतात, कारण बोटाला लावायच्या यंत्राला नख स्वच्छ लागतं.

अंगावर धातू चालत नाही. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र सासूबाईंनी माझ्या गळ्यातून काढून रुमालात बांधलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवलं. जोडवी मात्र निघेनात. लग्नापासून पायात, बोटं फुगलेली. आयाबाईंनी साबण लावला, मग खोबरेल तेल, मग बोटाला दोरा गुंडाळून हळूहळू ओढली. डावं निघालं, उजव्याने कातडी सोलवटली. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात उभा, आणि आम्ही तिघी माझ्या एका बोटाशी झटत होतो. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातच घरी जोडवी आणि अंगठ्या काढून ठेवा.

थिएटरमध्ये थंडी फार वाजते. भूलतज्ज्ञांनी "कुठल्या गावच्या?" विचारलं, मी "तासगाव" म्हटलं, ते द्राक्षांचं काहीतरी बोलले, आणि नंतर एकदम वॉर्डातच जाग आली. दीड तास लागला होता. गाठ पोटातच एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन काढली, कारण डरमॉइडमधली चरबी आत सांडली तर पोटाला सूज येते. उजव्या अंडाशयाचा चांगला भाग शिवून ठेवला. डरमॉइड शंभरातल्या दहा-पंधरा जणींत दोन्हीकडे असते, म्हणून डावं अंडाशयही नीट पाहिलं. ते निर्दोष होतं.

गाठ लॅबला पोचवायचं काम मिस्टरांकडे आलं. फॉर्मॅलिनची पांढरी बरणी, वर चिकटपट्टी. त्यांनी नर्सला थांबवून चिकटपट्टी वाचली : माझं पूर्ण नाव, आयपीडी नंबर, तारीख, 'उजवे अंडाशय, गाठ'. सोबतच्या फॉर्मवरचं वय चुकून ६१ पडलं होतं, ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. बरणीला फिकट झाकण होतं आणि बाजूने आतला काळ्या केसांचा पुंजका आणि पिवळट घट्ट चरबी दिसत होती, असं त्यांनी सांगितलं. मी फोटो मागवून पाहिला. किळस नाही आली. महिनोन्‌महिने ज्या गोष्टीला घाबरले ती नेमकी काय आहे, हे मला बघायचंच होतं.

पहिल्या रात्री टाक्यांपेक्षा उजवा खांदा जास्त दुखला. पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे असं होतं, हे आधी माहीत नसेल तर छातीत दुखतंय असं वाटून जीव घाबरा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेटर काढला, चालायला लावलं. जितकं चालाल तितका खांदा लवकर मोकळा होतो.

३१ जानेवारीला डिस्चार्ज. एकूण बिल ९२,४००. मॅडमची सही सकाळी दहाला झाली, पण कंपनीची अंतिम मंजुरी येईना. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. उशिरामुळे दवाखान्याचा जास्तीचा खर्च झाला तर तो कंपनीने सोसायचा असतो. मिस्टरांनी दुपारी कंपनीच्या हेल्पलाइनवर हा नियम शांतपणे वाचून दाखवला आणि तक्रार क्रमांक मागून घेतला. मंजुरी संध्याकाळी आली, पण दवाखान्याने त्या दिवसाचं वाढीव खोलीभाडं आमच्यावर टाकलं नाही. ८४,९०० मंजूर झाले. हातमोजे, फाईल चार्जेस अशा गोष्टींचे ७,५०० आम्ही भरले. ॲडमिट होण्याआधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च आमच्या पॉलिसीत बसत होता, त्यामुळे एमआरआय आणि रक्ततपासण्यांचे पैसे वेगळा क्लेम करून मार्चअखेर मिळाले. ऑक्टोबर-डिसेंबरच्या सोनोग्राफी बसल्या नाहीत. प्रत्येक तपासणीच्या बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी लागते, नुसतं बिल परत येतं.

बायोप्सीचा रिपोर्ट ८ फेब्रुवारीला आला. डिस्चार्ज आणि ही तारीख यांमधले दिवस मला सगळ्यात जड गेले. सगळे म्हणत होते साधीच आहे, एमआरआयही तेच म्हणत होता, तरी कागद हातात येईपर्यंत मन ऐकत नाही. 'मॅच्युअर सिस्टिक टेराटोमा, कुठेही इमॅच्युअर घटक नाहीत.' मॅच्युअर टेराटोमा म्हणजेच डरमॉइड. मिस्टरांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला आणि त्यांना एवढंच सांगता आलं, "आई, साधी हाय."

रजा तीन आठवडे घेतली. पाण्याची घागर, गव्हाचा डबा, सहा आठवडे काही उचलू दिलं नाही. पहिली पाळी थोडी लवकर आली, मग पूर्ववत. लघवीचा त्रास ऑपरेशननंतर आठवड्याभरातच थांबला.

गाठ पुन्हा होऊ शकते का, हे मी या महिन्यात मॅडमना विचारलं. अंडाशय ठेवलं की थोडी शक्यता राहतेच, म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी करायची. माझी पुढची पुढच्या ऑगस्टमध्ये, पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी. मुलीला विचारलं, तुझी पाळी कशी आहे, पोटात काही जड वाटतं का. ती म्हणाली नाही, आणि वाटलं तर सांगेन.